बंगल्यातली शास्त्रज्ञ बाई आणि वाडीचं रक्त

बाईने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की आमच्या भयकथाकारांच्या अंगावर काटा येतो. पुरुषाने लावला तर तो संशोधक. बाईने लावला तर तिच्या बंगल्यावर घुबड येऊन बसतं, खिडकीत हिरवा दिवा लागतो आणि तळघरातून कण्हण्याचे आवाज सुरू होतात. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. शहापूरच्या बाजारातल्या वाचनालयात अशा कादंबऱ्यांची एक अख्खी फळी होती, आणि ती मी या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचली होती. आमच्या समाजसुधारणेच्या मंडळात सांगत, शत्रूचं साहित्य वाचावं. खरं कारण एवढंच की मला त्या आवडायच्या.

या कादंबऱ्यांचा नियम ठरलेला. पुरुष शास्त्रज्ञ बिघडतो तो बुद्धी फार झाल्यामुळे. बाई बिघडते ती लग्न न झाल्यामुळे, मोडल्यामुळे किंवा मूल न झाल्यामुळे. तो शेवटी पश्चात्ताप करून मरतो, ती जळून मरते. जळूनही सुटका नाही. पुढच्या अमावास्येला पांढऱ्या पातळात परत हजर. तिला पगार नसतो, वर साहेब नसतो, फॉर्म भरायचे नसतात. तिच्या काचेच्या नळ्या कोण विसळतं ते लेखक कधीच सांगत नाही. त्या आपल्या चकचकीत असतात.

हे सगळं मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी घोळ घातला. तो घोळ दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगते.

मी एकवीस वर्षांची होते आणि पत्रकं लिहीत होते. दारूविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, अंगारे-धुपारे करणाऱ्या भगतांविरुद्ध. पायाने चालवायच्या यंत्रावर ती छापून निघत आणि शाई वाळायच्या आत मी वाटायला निघे. माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असे. छापखान्याचे मालक एकदा म्हणाले, "बाई, उद्गारचिन्हांचे खिळे संपले. आजच्या दिवस पूर्णविरामावर भागवा."

मंडळाने मला बायकांचा साक्षरता वर्ग दिला. वैशाखऱ्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यापासून आत, ओहोळ ओलांडला की एक वाडी लागायची. वीस-पंचवीस घरं, जमीन कुणाच्याच नावावर नाही. पावसाळ्यात दुसऱ्यांची भातं लावायची, कापणी उरकली की कुडाच्या दारांना काटी, म्हणजे काटेरी फांदी, लावून सगळ्यांनी कोळशाच्या भट्ट्यांवर जायचं, ते होळीच्या सुमाराला परत. म्हणजे शिकवायला माझ्या हातात पावसाळाच. शनिवारी शहापूरहून एसटीने मुरबाड, तिथे गाडी बदलून वैशाखरे, तिथल्या मास्तरांच्या घरी मुक्काम आणि रविवारी दुपारी वर्ग.

"बैल चरतो," मी फळ्यावर लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"नाय तं काय उडंल?" पुढे बसलेली एक सासू म्हणाली. वर्ग खदखदला आणि थोड्या वेळात निम्मा वर्ग कुडाला टेकून घोरायला लागला. चूक त्यांची नव्हती. आठवडाभर चिखलात वाकलेल्या बाईला बैल चरतो हे सांगायला एकवीस वर्षांची पोरगी शहापूरहून येते, यात जागं राहण्यासारखं काय आहे?

त्या सासूची सून सतरा-अठराची असेल. ती तेवढी जागी होती. माझ्या पिशवीतून एका कादंबरीचं मुखपृष्ठ बाहेर आलं होतं, त्याकडे तिचं लक्ष गेलं.

"ही बाई काय करतंय गो? बाटलीत काय हाय?"

"रक्त."

"कोनाचं?"

"तेच तर वाचायचं आहे."

झोपलेल्या चार जणी जाग्या झाल्या. मी कादंबरी बाहेर काढली. तिचं नाव इथे देत नाही. फुकटची जाहिरात कशाला? परदेशात शिकून आलेली एक शास्त्रज्ञ बाई घाटमाथ्यावरच्या बंगल्यात राहते. तिचा नियोजित नवरा मेलेला असतो. त्याला उठवायला ती खालच्या गावातल्या पोरींचं रक्त काढून निळ्या बाटल्यांत भरते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कुणीतरी दार ठोठावतं.

मी युक्ती केली. प्रकरण मी वाचायचं, पण शेवटचं पान त्यांनी अक्षरं लावून वाचायचं. दार कुणी ठोठावलं ते कळायला दुसरा मार्ग नाही. जे काम बैलाला जमलं नव्हतं ते या भुताटकीने दीड महिन्यात केलं. सून तर भराभर वाचायला लागली. भादव्यात तिने पुस्तक मागून ठेवून घेतलं. मी मंडळाला कळवलं, वर्ग उत्तम चालला आहे. कोणतं पाठ्यपुस्तक वापरते ते कळवलं नाही.

दसऱ्यानंतर शहापूरला मला एका बाईंनी निरोप पाठवून बोलावून घेतलं. त्या हिवताप निर्मूलनाच्या प्रयोगशाळेत होत्या. प्रयोगशाळा म्हणजे एका सरकारी इमारतीमागची खोली: एक सूक्ष्मदर्शक, रंगाच्या बाटल्या, काचपट्ट्यांची खोकी आणि त्यांच्या उंचीला न पेलणारं एक स्टूल. विज्ञानाच्या पदवीधर, तिशीच्या, ठेंगण्या. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. एकट्या राहतात आणि दिवसभर रक्त बघतात म्हणून बाजारात त्यांच्याविषयी काय काय बोलत ते लिहायला शाई वाया घालवत नाही.

"तुझी ती वैशाखऱ्यापुढची वाडी ना?" त्यांनी विचारलं. "तिथून आलेल्या रक्ताच्या बाराच्या बारा काचा एकाच माणसाच्या आहेत."

"कशावरून?"

"एका जातीच्या पांढऱ्या पेशी सगळ्या काचांत सारख्याच वाढलेल्या आहेत. पोटात जंत झाले की वाढतात. बारा माणसांत इतक्या बेताने सारख्या वाढत नाहीत. काचा गोळा करणाऱ्या कर्मचाऱ्याला समोर बसवलं तेव्हा कबूल झाला. वाडी त्याला बघून रानात पळते, म्हणून पठ्ठ्याने स्वतःचंच बोट बारा वेळा टोचलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"आधी त्याला जंतांचं औषध दिलं. मग वर कळवलं." त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "श्रावणापर्यंतच्या काचा खऱ्या आहेत. तोवर ती माणसं निमूट बोट पुढे करत होती. त्यानंतर काय बिनसलं? कापणी झाली की ती भट्ट्यांवर जाणार. ताप अंगात घेऊन गेली तर तिथे मरतील, आणि चार ठिकाणी तो पेरून येतील."

मला उत्तर तोंडपाठ होतं. भगत! दुसरं कोण असणार? त्याच आठवड्यात मी पत्रक काढलं, 'भगतशाहीचा गोरगरिबांच्या रक्ताशी खेळ!' आणि गठ्ठाभर प्रती घेऊन बाईंबरोबर वाडीवर गेले. एक प्रत भगताच्या घरासमोरच्या आंब्याला चिकटवली. खळ माझ्याच पिशवीत होती.

वाडी त्या दिवशी रविवार असूनही रिकामी दिसली. माझ्या मागे बाई आणि त्यांच्या हातात काचांचं खोकं. कुडाआड माणसं आहेत हे श्वासांवरून कळत होतं. शेवटी सासू बाहेर आली. घरातून कण्हल्यासारखा आवाज आला तसं तिने दार ओढून घेतलं.

"आत कोण आजारी आहे?" बाईंनी विचारलं.

"कोन नाय."

"एक दिवसाआड हुडहुडी भरते का?"

"कोन नाय बोलले ना."

मी पुढे झाले आणि भगताच्या नादी लागू नका, असं सुरू केलं. सासू माझ्याकडे बघत राहिली.

"भगत? भगत तं सोताच गोळ्या मागत व्हता. तूच वाचलंस ना बाय, ही बाई रगत काढून बाटलीत भरते नि पोरी मरतात? सात आयतवार वाचलंस. आनि आता तीच बाई घेऊन आमच्या दारात आलीस?"

मी तोंड उघडलं. ते चुकलंच. "अहो, ती गोष्ट खोटी आहे. ती कुणीतरी मनाने लिहिली आहे."

"खोटी व्हती तं वाचलीस कशाला? छापल्यालं सगलं विचार करून लिवल्यालं असतं, असं तूच बोललीस. बुक खोटं, तं झाडावर चिकटवलंस ते तरी खरं कशावरनं?"

मी सांगते, इतकी वर्षं विरोधकांच्या सभांत उभी राहिले, पण असा प्रश्न मला कुणी टाकला नाही. आणि त्या दिवशी तरी झाडावरचं खरं नव्हतंच. मी परत जाऊन ते आंब्यावरून ओरबाडलं. निम्मंच निघालं. तोवर भगताने ते एका पोरीकडून वाचून घेतलं होतं, असं नंतर कळलं.

परत आले तो बाई ओट्यावर बसल्या होत्या. रागावलेल्या दिसल्या नाहीत. "कुठलं पुस्तक ग?" त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. "अगं, ते? शेवटचं प्रकरण राहिलंय माझं. वाचनालयात गेले तेव्हा कुणीतरी नेलं होतं."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणीतरी म्हणजे मीच.

दार किलकिलं झालं आणि सुनेचा हात बाहेर आला. हातात ती कादंबरी. अंगावर गोधडी, ओठ सुकलेले. सासूने तिला आत ढकलायला पाहिलं, पण ती म्हणाली, "आत्ये, मी शेवटपावत वाचलंय. ती जलते. बाकीचं काय घाबरन्यासारखं नाय." आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

बाईंनी पुस्तक घेतलं आणि मोठ्याने वाचायला लागल्या, एसटीचं वेळापत्रक वाचावं तशा सुरात. कुडांआडून एकेक बाई बाहेर येऊन बसली. गोष्ट अपुरी ठेवून कोण राहील? "चार महिन्यांपूर्वी भरलेल्या त्या निळ्या शिशीतले तांबडेलाल रक्त चांदण्यात हिंदकळत होते..."

"थांब," सासू म्हणाली. "किती दिसाचं रगत ते?"

"चार महिन्यांचं."

"आनि हिंदकलतंय?"

"असं लिहिलंय."

"कोंबडं कापून रगत वाटीत धरलं तं चूल पेटवेपावत थिजतंय. चार महिनं?"

"किडं पडतील," मागून एक जण म्हणाली.

"आनि वास? वास नाय आला कोनाला बंगल्यात?"

बाईंनी पान मागे उलटलं. "इथे लिहिलंय, मोगऱ्याचा वास दरवळत होता."

त्यावर वाडी जी हसली ती ओहोळापलीकडे ऐकू गेली असेल. सासू हसली नाही. तिने पुस्तक हातात घेऊन मुखपृष्ठावरची बाई नीट निरखली आणि निकाल दिला: "हा लिवनारा कंदी कोंबडं कापल्याला नाय."

मी त्या जातीच्या कादंबऱ्यांवर पुढे पानंच्या पानं टीका लिहिली. त्या एका वाक्यापुढे ती सगळी पातळ आहे. घरात रक्त, चिंध्या, बाळंतपण, कापलेलं कोंबडं हे सगळं ज्या बाया निस्तरतात, त्यांनाच हे लेखक रक्ताचं भय घालतात. आणि स्वतः मटण वाढलेलं तेवढं बघतात.

मला वाटलं, जिंकलो. सासूने पुस्तक खाली ठेवलं. "बुक खोटं तं खोटं. पन तू खरी कशावरनं? माज्या सुनंचं रगत तू शापूरला नेनार. आमच्या अंगातली वस्तू, केस म्हना, नख म्हना, आमी परक्याच्या हातात ठेवत नाय. उद्या तू काय केलंस तं?"

"मग काय करू?"

"तुजं रगत माज्याजवल ठेव."

"ठेव म्हणजे?" मी मध्ये पडले. "हे अज्ञान आहे! आपण याला थारा देता कामा नये! बाई, तुम्ही शास्त्रज्ञ आहात..."

"तू गप बस," बाई म्हणाल्या. "तिचं माझ्याकडे, माझं तिच्याकडे. यात वाईट काय आहे? आधी मागितलं ते मी, तिने नाही."

त्यांनी खोक्यातून एक कोरी काच काढली, स्पिरिटचा बोळा बोटाला लावला, सुई टोचली आणि रक्ताचा थेंब काचेवर पसरला. सासूने ती काच जवळून बघितली. "माज्या सुनंच्या काचंवर पन तुजं घाल, दोगींचं एकत्र," ती म्हणाली. बाईंनी मान हलवली. "ते नाही जमणार. एकत्र झालं तर ताप कुणाचा ते मला कळायचं नाही." सासूला हे पटलं. बाईंच्या रक्ताची काच वाळल्यावर तिने फडक्यात बांधून भाताच्या कणगीमागे ठेवून दिली.

मग सुनेने बोट पुढे केलं. तिच्यानंतर आणखी सात-आठ जणींनी. बाईंनी ताप असलेल्यांना तिथल्या तिथे गोळ्या गिळायला लावल्या. "याने ताप उतरेल, पण मूळ जाईलच असं नाही," त्या सुनेला म्हणाल्या. "काचेत जंतू निघाला तर दुसऱ्या गोळ्या रोज, चौदा दिवस घ्यायच्या. नाहीतर भट्टीवर पुन्हा हुडहुडी भरेल."

"आमी बेस्तरवारी निघनार," सासू म्हणाली.

"कुठल्या भट्टीवर?"

"सिद्धगडाच्या पायथ्याला. पन मुकादम कुटं नेतो ते तवाच समजतं."

शहापूरला परतल्यावर बाईंनी त्या काचा रंगवल्या. सुनेच्या काचेत हिवतापाचे जंतू होते, आणखी एकीच्या काचेतही. हे कळलं बुधवारी संध्याकाळी. गुरुवारी मी पहिल्या गाडीने निघाले. वाडी गाठेपर्यंत दारांना काट्या लागल्या होत्या. जंतू निघालेली दुसरी बाजारासाठी मागे राहिली होती म्हणून सापडली, तिच्या चौदा दिवसांच्या गोळ्या तिला दिल्या. सून गेली होती.

पुढचा रविवार उजाडायची वाट बघणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. पत्रकात मी 'हजारो बळी' सहज लिहीत असे. एकच पोर, जिला मीच वाचायला शिकवलं आणि जिच्या घराला मीच घाबरवून सोडलं, ती रानात तापाने थरथरत असेल, हे मनातून काही निघेना. बाईंना रविवारी सुट्टी होती. आम्ही दोघी मुरबाडहून मिळेल त्या बैलगाडीने आणि मग पायी निघालो. सिद्धगडाखालच्या रानात पहिल्या भट्टीवर ती नव्हती. दुसऱ्या भट्टीवरच्या लोकांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला धूर दाखवला.

कोळशासाठी रचलेल्या त्या धुमसत्या ढिगाऱ्याशेजारी सासू ओली माती थापत होती. आम्हाला बघून तिने हात पुसले नाहीत. "आलीस?" ती बाईंना म्हणाली. "परवापास्नं तिला पुन्ना भरली. मी बोलले, रगतवाली येल. हा बोलला, रानात कोन येतंय?" हा म्हणजे तिचा मुलगा. तो खाली बघून लाकडं लावत राहिला.

सून पाल्याच्या खोपटात पडून होती. बाईंनी नाडी बघितली, डोळ्याची पापणी ओढून बघितली, आधीच्या गोळ्या पुन्हा दिल्या आणि मग पुड्या काढल्या. चौदा पुड्या, प्रत्येकीवर वार लिहिलेला. भट्टीवर रोज गोळी द्यायला कोण येणार होतं? सासू वर्गात गोष्ट ऐकायलाच बसे, तिला वार वाचता येत नव्हते, सुनेच्या नवऱ्यालाही येत नव्हते. सुनेने पुड्या हातात घेतल्या आणि पडल्या पडल्याच एकेक वाचून क्रमाने लावल्या. सोमवार, मंगळवार. कोळशाने खोपटाच्या मेढीवर, म्हणजे खांबावर, रोज एक रेघ मारायची, असं तिचं तिनेच ठरवलं. मला मनापासून वाटत होतं की हे वाचन ती एखाद्या चांगल्या, पुरोगामी पुस्तकावर शिकली असती तर बरं. नव्हती शिकली. खोटं कशाला लिहू?

महिन्याभराने बाई पुन्हा त्या भट्टीवर जाऊन आल्या. या वेळी एकट्याच, कारण मी ठाण्याला परिषदेत ठराव मांडत होते. परतल्यावर त्यांनी निरोप पाठवला. मी गेले तेव्हा त्या स्टुलावर बसल्या होत्या, पाय अधांतरी. मेढीवर चौदा रेघा मोजल्या, म्हणाल्या. पोरीने स्वतः ओढ्यावरून पाणी आणून दिलं. तिच्या रक्ताची नवी काचही त्यांनी आणली होती.

त्या स्टुलावरून उतरल्या आणि मला वर बसवलं. "डावा डोळा मीट. ही चाकी हळू फिरव. काच सरकवत सगळी बघ, घाई करू नकोस."

मी बघितलं. फिकट गुलाबी गोल, एकाशेजारी एक, आणि मधूनच एखादी जांभळ्या ठिपक्याची पेशी. मी काच या कडेपासून त्या कडेपर्यंत सरकवली. डोळ्याला पाणी आलं.

"काय दिसलं?"

"काहीच नाही."

"मी दोनदा बघितलं," बाई म्हणाल्या. "मलाही नाही दिसलं." आणि त्यांनी वहीत सुनेच्या नावापुढे तसं लिहिलं.